मीठ घातलं का?

देव आहे. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. देवबिव काही नसतं म्हणणाऱ्या एका शहाण्याला मी बेकरीच्या पायरीवरून तसाच रिकाम्या हाताने परत पाठवला होता. लहानपणापासून एका रविवारची उपासना चुकवली नाही, तापाने फणफणले तरी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला लागणारा पाव माझ्याच भट्टीतून जातो आणि त्याचा मोबदला मी कधी घेतलेला नाही. माझ्या विश्वासाबद्दल शंका घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मला वाटायचं.

तो जन्माला येऊन चांगला डोक्यावरचे केस जाईपर्यंत मोठा झालेला होता आणि आमच्याच मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पाळक होता.

भर दुपारी आले. मी भट्टीतून ट्रे काढत होते. मैद्याच्या पोत्यावर बसकण मारली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ताई, बारक्या सुटला."

"कळलं," मी म्हटलं. कळलेलं होतंच. सासूबाई सकाळपासून गुणगुणत होत्या, आणि गुडघेदुखीचं नाव नव्हतं.

"माझ्याकडेच उतरलाय. मागच्या खोलीत. या रविवारी तो प्रभुभोजनाला बसणार आहे. तुरुंगात त्याने विश्वास धरला, ताई. खरा. बाप्तिस्मा मी स्वतः दिला."

"बरं. मग माझ्याकडे काय काम?"

"घरचा माणूस घरच्यांशेजारी बसतो. आपली रीत आहे. तुमच्या शेजारची जागा..."

हातातला गरम ट्रे मी आधी खाली ठेवला. माझ्या मनात देवाचं भय आहे ते यावरून समजून घ्या.

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत जायचा, आणि खरं तर शाळेत न जाता दुकानामागे लपून बसायचा. मला मूलबाळ झालं नाही. त्याचं नाक मी पुसलं, त्याच्या गृहपाठावरून मार मी दिला, आणि त्याच्या भावाच्या हातचा मार मीच वाचवला. मोठा झाल्यावर तो आमच्या पावाची गाडी चालवू लागला. एका पहाटे मित्राच्या लग्नातून पिऊन आला, गाडीत पाव भरले, शेजारी माझा नवरा बसला, आणि वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर त्याने गाडी नेऊन घातली. नवरा जागच्या जागी गेला. बारक्याच्या हनुवटीला टाके पडले. हनुवटीला. रस्त्यावर माझे पाव पसरले होते आणि लोक ते उचलून बाजूला ठेवत होते, एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं.

कोर्टात त्याने सगळं कबूल केलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तुरुंगात भेटायला सासूबाई गेल्या, पाळक गेले, मंडळीतले अर्धेअधिक लोक जाऊन आले. मी गेले नाही. त्याची पत्रं आली, ती मी न फोडता भट्टीत टाकली. मी काही चुकीचं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "देव न्यायी आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"न्यायी आहे म्हणूनच तर पापाची भरपाई करायला क्रूस लागला, ताई. 'असू दे, जाऊ दे' म्हणून भागलं असतं तर कशाला लागला असता?"

"म्हणजे तो बारक्यासाठी लागला म्हणता."

"बारक्यासाठी. आणि तुमच्यासाठी."

इथे माझं टाळकं सरकलं. "माझ्यासाठी? मी काय केलंय? मी कुणाला ट्रकवर नेऊन आपटलंय? पहाटे उठून भट्टी पेटवते, विधवा बाई एकटीने दुकान चालवते, त्याच्या आईला सांभाळते, तुमच्या प्रभुभोजनाला पाव देते. आणि मला आणि त्याला तुम्ही एका तागडीत तोलता?"

"तोलत नाही. तेच सांगायला आलोय. तिथे तागडीच नाही."

"तागडी नाही! मग काय, अंदाजपंचे?"

पाळक हसले. त्यांचं ते हसू मला आवडत नाही. समोरचा जळत असताना हसणारा माणूस एक तर संत असतो नाही तर बिनडोक, आणि आमचे पाळक संत नाहीत हे त्यांच्या बायकोलाही मान्य आहे.

"ताई, देव आहे, तो वरून बघतोय, जो करतो त्याला तो भरायला लावतो, एवढं तुम्ही मानता. पक्कं मानता. पण तेवढं मानायला येशू लागतच नाही. रस्त्यावरचा कुणीही माणूस तेवढं मानतो. खरं सांगा, तुमच्या या देवाची आणि येशूची कधी गाठ पडलीय का?"

माझ्याच बेकरीत, माझ्याच पोत्यावर बसून! असा संताप आला की हातातलं फडकं मी टेबलावर आपटलं. भट्टी धगधगत होती. कोपऱ्यात आमचा मळणारा गडी मान खाली घालून पीठ मळत होता आणि कान मात्र आमच्याकडे होते.

"उठा," मी म्हटलं. "मैदा लागलाय तुमच्या पँटला. आणि एक ऐकून जा. या रविवारी पाव मिळणार नाही. तो बसणार असेल तर माझ्या भट्टीतून तुकडासुद्धा येणार नाही. बाजारातून आणा, बिस्किटं वाटा, नाही तर उपाशी प्रभुभोजन करा."

पाळक उठले. पँट झटकली. "तो तुमच्याकडे काही मागत नाहीये, ताई. घर नाही, काम नाही. मला एवढंच म्हणाला, वहिनीच्या हातचा तुकडा मिळेल का."

"नाही मिळणार," मी म्हटलं.

आमच्या प्रभुभोजनाची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमची मंडळी लहान आहे. उपासनेची जागा म्हणजे आधीचं टायरचं दुकान. अजूनही उन्हाळ्यात रबराचा वास येतो. बाकं गोलात मांडतो. अख्खा एक पाव असतो आणि तो हातोहात फिरतो. पण आपला तुकडा आपण तोडून घ्यायचा नाही. डावीकडच्यासाठी तोडायचा, त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हे तुझ्यासाठी." मग त्याने त्याच्या डावीकडच्याला. सुरुवात ज्याने पाव भाजला तो करतो. म्हणजे मी. मी पहिला तुकडा सासूबाईंना देते, आणि सगळं वर्तुळ फिरून शेवटचा तुकडा मला मिळतो. ही रीत आधीच्या पाळकांनी घातली, आणि मला ती आवडायची. सुरुवात आपल्या हाताने होते यात एक मान असतो. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या बेकरीची रीत. ती माझ्या सासऱ्यांनी घातली. आमच्याकडे पीठ पुरुष मळतात, पण मीठ घरातली बाई घालते. मशीन सुरू करायच्या आधी मळणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "मीठ घातलं का?" बाईने "घातलं" म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हे नखरे नाहीत. या घराण्यातले पुरुष घाबरले, चिडले की मीठ विसरतात. एरवी एकही चूक नाही, पण मनात काही खुपत असलं की मिठाची आठवण पहिली उडते. सासरे त्यांच्या आईच्या मयताच्या दिवशी विसरले. नवरा आमच्या लग्नाच्या सकाळी विसरला, आणि माझ्या माहेरच्या माणसांनी तो अळणी पाव मुकाट्याने खाल्ला, कारण मुलीकडचे. बारक्याला मळायला शिकवलं तेव्हा त्याचंही तेच. परीक्षेचा निकाल असला की पाव अळणी. नवरा म्हणायचा, "मीठ म्हणजे तू आहेस, बाकी आम्ही नुसते मैद्याचे गोळे." असलं काहीतरी बोलायचा आणि मी चिडायची.

तो गेल्यावर मळायला गडी ठेवला. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मिठाचं विचारायचं नाही. मी न विचारता घालते. तो प्रश्न मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई आणि मी वरच्या खोलीत चहा घेत होतो. दुकान खाली, घर वर, अशी आमची सोय आहे, म्हणजे भांडण खाली सुरू झालं तरी वर नेता येतं.

"पाव देणार नाहीस म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"गड्याने चुगली केली वाटतं."

"मंडळीत सगळ्यांना कळलंय. गाणं म्हणणाऱ्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आपण विश्वासात कसे आलो याची बारक्याची साक्ष ऐकून त्या रडल्या."

"रडणारच. त्यांचा नवरा घरी आरामखुर्चीत बसून पेपर वाचतोय. त्यांना रडायला काय जातंय? दुसऱ्याच्या घरचं जळतं तेव्हा ऊब छान लागते."

सासूबाईंनी कप बशीत ठेवला. त्या माझ्याशी कधी आवाज चढवत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. "तुझा नवरा गेला. माझा मुलगा गेला."

"तुमच्या एका मुलाने दुसऱ्याला मारलं, आई."

हे मी त्यांना याआधी कधी बोलले नव्हते. बोलून गेले.

"हो," त्या म्हणाल्या. "मारलं. आणि दोघांना मीच अंगावर पाजलंय. माझ्यातल्या कुठल्या अर्ध्याने मी आता कुणाला टाकून देऊ, ते तूच सांग."

मी कप उचलून मोरीत नेले. पण त्यामुळे माझा राग कमी झाला असं कुणी समजू नये. उलट वाढला. माझ्याकडे न्याय होता आणि तरी दरवेळी बोलणं माझ्यावरच येऊन अडत होतं. मेला माझा माणूस, आणि मन मोठं करायचं तेही मीच! बारक्याने नुसतं विश्वास धरला म्हणायचं, की झालं, धुतल्या तांदळासारखा. करून सवरून नामानिराळा. मी इतकी वर्षं रोज देवाला म्हणत होते, तू बघतोयस ना? तुझं लक्ष आहे ना? आणि वरून उत्तर काय, तर या रविवारी त्याला तुझ्या शेजारी बसव.

शनिवारी सासूबाई "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून गेल्या त्या दुपारभर आल्या नाहीत. खमिराच्या बरणीतही मला थोडं कमी वाटलं. खमीर म्हणजे आंबलेल्या पिठाचा गोळा. आजच्या पिठातला एक गोळा उद्यासाठी राखून ठेवायचा, असं सासऱ्यांपासून अखंड चाललंय. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा मी ते मरू दिलं नव्हतं. वाटलं, गरमीने बसलं असेल. गड्याला उगाच दोन शब्द सुनावले.

रविवारी मी पाव भाजला नाही. आणि तरी उपासनेला गेले. का गेले म्हणाल, तर त्यांची तोंडं बघायला. रिकामं टेबल बघायला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघावं, पाळकांनी खाकरावं, आणि मग कुणीतरी म्हणावं की ताईंचं चुकलं नाही, आपणच घाई केली. हे सगळं मी अंघोळ करताना मनात नीट बसवलं होतं. नवी साडी नेसले. भांडायला जाताना माणसाने टापटीप असावं.

मी बसले तर माझ्या डावीकडे सासूबाई, आणि उजवीकडची जागा रिकामी. तिथे कुणी बसेना. सगळे आपले पायाकडे बघत होते. टेबलावर नुसता कप होता, पाव नव्हता. मला बरं वाटलं. देवासमोर खोटं कशाला, फार बरं वाटलं.

गाणं संपलं तेव्हा मागचं दार उघडलं आणि बारक्या आत आला. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. बारीक झाला होता. कानाजवळ केस पिकले होते. हनुवटीवरचा तो व्रण दाढीतूनही दिसत होता. तो चालत आला आणि माझ्या उजवीकडे बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तोवर वास आला.

तो वास मी आंधळी झाले तरी ओळखीन. तो माझ्या खमिराचा वास होता. माझ्या सासऱ्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, माझ्या बरणीतल्या खमिराचा! मी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई गाण्याचं पुस्तक उलटं धरून वाचत होत्या.

चोरी! प्रभूच्या मेजासाठी चोरी, तीही या वयात, माझ्याच घरातून, आणि वर गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून तेल चोळून घ्यायचं! आणि पाळकांच्या बायकोच्या त्या खेळण्यातल्या ओव्हनमध्ये भाजायचं! मला तिथेच उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण उठले असते तर म्हणाले असते, बघा, गेली. म्हणून बसून राहिले. जीभ चावून बसणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

पाळक म्हणाले, "आपल्या रीतीप्रमाणे, ज्याने पाव भाजला तो सुरुवात करील."

मला काय होणार ते तेव्हा कळलं. इतका वेळ मी एकच विचार केला होता: मी त्याला देणार नाही. नाही देणार, नाही देणार, हे घोकत होते. पण भाजला त्याने, म्हणजे सुरुवात त्याची. आणि त्याच्या डावीकडे मी. द्यायचं त्याने होतं. घ्यायचं मी.

बारक्याने टॉवेल सोडला. पाव बघून माझ्यातली बेकरीवाली आधी जागी झाली. काय तो पाव! ताटलीसारखा पसरलेला, वरून फिक्का, आजाऱ्याच्या तोंडासारखा. आमच्या घराण्यात असा पाव दुकानाबाहेर पडला नसता. त्याने तुकडा तोडला. तुकडा माझ्यापुढे धरला आणि "हे तुझ्यासाठी" म्हणायचं होतं, ते त्याला म्हणता येईना. तोंड उघडायचा आणि मिटायचा.

मी मूठ मांडीवर घट्ट आवळून बसले होते. बोटं पांढरी पडली होती. बाहेर कुणीतरी गाडीचं हॉर्न वाजवत होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला कुठला उजेडबिजेड दिसला नाही. फक्त माझी मूठ दिसली. देव आहे, हे मी ती मूठ आवळूनही मानत होते. इतकी वर्षं तसंच मानत होते, आणि कुणी त्यावर बोट ठेवू शकलं नसतं. देव आहे हे मानायला हात उघडावा लागत नाही. पण हा तुकडा मूठ आवळून घेता येत नव्हता. आणि ज्याच्या हातून तो येत होता तो हात मला नको होता. दुसरा कुठलाही चालला असता. पाळकांचा, गाणं म्हणणाऱ्या बाईंचा, अगदी देव नाही म्हणणाऱ्या त्या शहाण्याचासुद्धा. पण दुसरा हात नव्हता. देवाने, मी ज्याला रोज न्याय कर म्हणत होते त्या देवाने, माझ्यासाठीचा तुकडा नेमका या हातात देऊन ठेवला होता. घे नाही तर राहू दे. मला इतका राग आला देवाचा! भांडायला लागले मनातल्या मनात. हा काय न्याय झाला? मी आयुष्यभर दिलं, मला देणारी म्हणून ओळखतात, आणि आता मी भिकाऱ्यासारखा हात पसरू? याच्यापुढे?

"वहिनी," बारक्या म्हणाला. एवढंच.

हात उघडला. मी उघडला म्हणत नाही, कारण माझा विचार पूर्ण झालेला नव्हता. पण हात माझाच होता, आणि तो उघडा होता. बारक्याने त्यात तुकडा ठेवला आणि मी तो तोंडात टाकला.

चावला आणि थांबले.

मीठ नव्हतं.

चिमूटभरसुद्धा नाही. नुसता आंबूस, पिठूळ, लग्नाच्या सकाळचा पाव. मी डोळे मिटले तर माझ्या माहेरची सगळी माणसं रांगेत बसून मुकाट्याने चावत होती आणि दारात माझा नवरा उभा होता, कपाळाला हात लावून.

"मीठ!" मी ओरडले.

भर उपासनेत. गाणं म्हणणाऱ्या बाई दचकल्या. पाळकांच्या हातातला कप हिंदकळला.

"मीठ विसरलास!" मी म्हटलं. "एवढा मोठा झालास, जगाची उठाठेव करून आलास, आणि मीठ विसरलास? बाप विसरायचा, भाऊ विसरायचा, तुम्हा लोकांना काय, डोकं म्हणून काही दिलंय की नाही देवाने? मळताना विचारायचं असतं ना? शिकवलं होतं ना तुला?"

"विचारलं होतं, वहिनी," बारक्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. "सवयीने विचारलं. पण उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तसाच मळला."

तो अळणी घास अजून तोंडातच होता. गिळला. गिळायला फार वेळ लागला, आणि सगळी मंडळी बघत होती, तरी मला रडू आलं. मयताच्या दिवशी मी रडले नव्हते. कोर्टात रडले नव्हते. या मेल्या बिनमिठाच्या पावावर रडले, नव्या साडीच्या पदराने नाक पुसत.

रीत अशी की पुढचा तुकडा डावीकडे, सासूबाईंना द्यायचा. बारक्याला शेवटी, सगळं वर्तुळ फिरून आल्यावर मिळणार होता. पाव माझ्या हातात होता. मी तुकडा तोडला आणि उजवीकडे वळले. उलट्या दिशेने. पाळक काही बोलले नाहीत, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बरंच काही सोडून दिलं.

"धर," मी म्हटलं. "तुझ्यासाठी. अळणी आहे."

उपासना संपल्यावर पाळक माझ्याजवळ आले. त्यांचं ते हसू तोंडावर होतंच. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "मी त्याला माफ केलं असं मी म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "राग आहे. उद्याही असेल. हात पुढे केला, एवढंच झालं. यावर पुढच्या रविवारी उपदेश केलात तर पुन्हा पाव मिळणार नाही."

"बरं, ताई," पाळक म्हणाले.

सासूबाईंशी मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. जिना चढताना त्या म्हणाल्या, "गुडघे दुखताहेत गं." मी म्हटलं, "चोराचे दुखणारच." मग तेल गरम केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली आले तर बारक्या पायरीवर बसला होता. दार बंद होतं म्हणून हाक न मारता बसला होता, लहानपणी शाळा बुडवून बसायचा तसा. मी त्याला यायला सांगितलं नव्हतं. नको असंही सांगितलं नव्हतं. कुलूप काढलं आणि आत गेले. तो मागून आला. गड्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा लाकडं आणायला मागे गेला.

बारक्याने हात धुतले. भावाचा ॲप्रन खिळ्यावर होता, तो घेतला नाही. नुसता शर्ट वर दुमडला. मैदा ओतला, पाणी ओतलं, बरणीतून खमीर काढून घातलं. बटणाजवळ बोट नेलं आणि थांबला. माझी पाठ त्याच्याकडे होती. मी मिठाच्या डब्यात हात घालून उभी होते, आणि इतक्या वर्षांत तो प्रश्न या भिंतींनी ऐकला नव्हता.

"मीठ घातलं का?" त्याने विचारलं.

आवाज अगदी भावाचा होता. हा अन्याय तर मी हिशोबात धरलाच नव्हता. मूठभर मीठ हातात घेऊन मी तशीच उभी राहिले, आणि तो बटणाला हात न लावता थांबून राहिला.

"घालतेय ना," मी ओरडले. "थांब जरा!"